पाच लाखांची फ्लोटर आणि सुपर टॉप-अप: कॅन्सरच्या उपचारात अकरा महिने वापरल्यानंतर

वापर: ११ महिने, दोन पॉलिसी वर्षांत पसरलेला. आजार: स्तनाचा कॅन्सर, हर-टू पॉझिटिव्ह (गाठीच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेला प्रकार). म्हणजे केमो, शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि दर तीन आठवड्यांनी वर्षभर ट्रास्टुझुमॅब (त्या प्रथिनावर नेम धरणारं औषध). आरोग्य विम्याची पॉलिसी: ५ लाखांची फॅमिली फ्लोटर (अख्ख्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम), वर ५ लाख डिडक्टिबलची, म्हणजे तेवढ्या खर्चाच्या वरचेच पैसे देणारी, सुपर टॉप-अप. गुण पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड गुण कशासाठी ते पुढे येईलच. खालचे रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून गोल धरले आहेत, ते कुठल्या रुग्णालयाचे दर नव्हेत.

सर्वात आधी टॉप-अपबद्दल, कारण लोक फसतात ते इथे. साधी टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांच्या हप्त्यात फारसा फरक दिसत नाही, तरी एजंट स्वस्त ती गळ्यात मारतो. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला वेगळा लागतो. केमोचं बिल एका वेळी ६०-७० हजारांचं असलं, तर असे अठरा क्लेम होऊन १२ लाख गेले तरी एकही क्लेम ५ लाखांची पायरी ओलांडत नाही. टॉप-अप एक रुपया देत नाही. सुपर टॉप-अप वर्षभरातल्या खर्चाची बेरीज धरते. बायपाससारख्या एकरकमी मोठ्या बिलाला साधी चालून जाईल, पण कॅन्सर आणि डायलिसिसला सुपरच हवी.

सुपर टॉप-अपची तारीख मूळ पॉलिसीच्या तारखेशी जुळलेली असावी. मूळ पॉलिसी १ एप्रिलची आणि सुपर १ ऑगस्टची आहे असं धरा. उपचार जूनमध्ये सुरू झाले. जून-जुलैत ३ लाख गेले, ते मूळ पॉलिसीने दिले. ऑगस्ट ते मार्च आणखी ५ लाख झाले, त्यातले उरलेले २ मूळ पॉलिसी देईल. सुपरच्या नव्या वर्षातला खर्च मात्र ५ लाखच भरतो, म्हणजे जेमतेम डिडक्टिबलएवढा, म्हणून सुपर काहीच देत नाही. ३ लाख खिशातून. तारखा सारख्या असत्या तर तेच ३ लाख सुपरने दिले असते. कंपनीला लिहून सुपरची तारीख पुढच्या नूतनीकरणाला जुळवून मागता येते, पण हे आजाराआधी करायचं काम. उपचार चालू असताना कंपनी बदलायचा विचारही नको. आधी क्लेम घेतलेत म्हणून जुनी कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, नवी मात्र प्रस्तावच नाकारू शकते.

खोलीभाडं. विमा रकमेच्या १ टक्का अशी अट असेल तर ५ लाखांवर दिवसाला ५,००० रुपये. खोली ८,००० ची घेतली, चार दिवस राहिलात, की वरचे १२ हजार आपले, असं वाटतं. प्रत्यक्षात सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं ५/८ प्रमाणात कापलं जातं. ही रक्कम १ लाख ६० हजार असेल तर कंपनी १ लाखच देईल. मिळून ७२ हजारांचा फटका. औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयूचा आकार यांना ही कात्री लावता येत नाही. तरीही आमच्या मंजुरीपत्रात औषधांवर लावली होती, नियम दाखवल्यावर सुधारून आली. तेव्हा मंजुरीपत्र ओळ न् ओळ वाचा. ५,००० च्या वरच्या खोलीवर ५ टक्के जीएसटीही लागतो.

केमो डे-केअरमध्ये धरतात, २४ तास भरती लागत नाही. ट्रास्टुझुमॅब मोनोक्लोनल अँटीबॉडीत (प्रयोगशाळेत तयार केलेलं प्रतिपिंड) मोडतं, आणि बऱ्याच पॉलिसींत अशा आधुनिक उपचारांना उपमर्यादा, म्हणजे विमा रकमेच्या आतली वेगळी मर्यादा असते. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांच्या एकसारख्या प्रमाणित पॉलिसीत ती विमा रकमेच्या निम्मी आहे. शिवाय त्यात ५ टक्के को-पे, म्हणजे क्लेमचा तेवढा वाटा आपला. म्हणून ‘केमो कव्हर आहे’ या उत्तरावर थांबू नका, औषधाचं नाव घेऊन ईमेलवर विचारा.

कुपीचा हिशेबही पाहावा. ६० किलो वजनाला पहिला डोस किलोला ८ मिग्रॅ दराने ४८० मिग्रॅ, पुढचे ६ मिग्रॅ दराने ३६०. कुपी ४४० आणि १५० मिग्रॅची मिळते. पहिल्या डोसला ४४० च्या दोन लावल्या तर दुसरी जवळजवळ सगळी शिल्लक राहते, ४४० अधिक १५० पुरते. बॅक्टेरिओस्टॅटिक (जंतूंची वाढ रोखणाऱ्या) पाण्यात कालवलेली ४४० ची कुपी २ ते ८ अंशांत २८ दिवस चालते आणि पुढचा डोस २१ दिवसांनी असतो. तरी उरलेलं वापरायचं की नाही हे डे-केअरच ठरवेल. घरच्या फ्रिजवर विसंबू नये. देशी बायोसिमिलरबद्दल (मूळ औषधाशी मिळतंजुळतं, दुसऱ्या कंपनीचं औषध) ऑन्कोलॉजिस्टला पहिल्याच भेटीत विचारा. कुपीचं स्टिकर आणि बॅच नंबर असलेलं बिल फाइलला लागलंच पाहिजे, नाहीतर क्वेरी येते.

पैसा खरा झिरपतो तो दोन भरतींच्या मधल्या दिवसांत. केमोनंतर २४ तासांनी पेगफिलग्रॅस्टिमचं (पांढऱ्या पेशी वाढवणारं) इंजेक्शन लागतं. ते ओपीडीत होतं, म्हणून कॅशलेसमध्ये बसत नाही. दर तीन महिन्यांनी इको, मधल्या रक्ततपासण्या यांचंही तेच. हे सगळं ‘भरतीनंतरचा खर्च’ म्हणून रीइंबर्समेंटला (आधी आपण भरून मग परत मागणं) टाकायचं. प्रत्येक केमोच्या डिस्चार्ज पेपरवर ‘अमुक दिवशी अमुक इंजेक्शन’ असं डॉक्टरांकडून लिहून घेतलं की वाद मिटतो. भरतीआधीची मुदत काही पॉलिसींत ३० दिवसच असते. पेट-सीटी आणि बायोप्सी करून दुसऱ्या-तिसऱ्या डॉक्टरांकडे फिरण्यात पाच आठवडे गेले, तर ते खर्च मुदतीबाहेर. हार्मोनच्या गोळ्या पुढे पाच वर्षं, त्या पूर्ण आपल्याच.

पहिल्या प्री-ऑथला (कॅशलेसच्या पूर्वमंजुरीला) अडकलं ते एका शब्दावर. केसपेपरवर गाठ ‘२ महिने’ ऐवजी ‘२ वर्षे’ असं उमटलं, की आधीपासूनचा आजार म्हणून चौकशी सुरू. खाडाखोड चालत नाही, डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं स्वतंत्र पत्र लागतं. सोबत बायोप्सी, आयएचसी (गाठीचा प्रकार सांगणारी तपासणी) आणि पूर्ण प्रोटोकॉलचं पत्र (किती सायकल, कोणतं औषध, किती मिग्रॅ) एकदाच द्या. रेडिएशनच्या १५ बैठकांना एकच मंजुरी घ्या, रोजची वेगळी नको.

डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला २०२४ च्या नियमांनुसार ३ तास. घड्याळ मात्र रुग्णालयाने अंतिम बिल पाठवल्यावर सुरू होतं, आणि अर्धा दिवस जातो तो औषधांच्या परतीत. आदल्या संध्याकाळीच वॉर्डात सांगून उरलेली औषधं परत करवा. ग्लोव्हज, डायपर, किट यांसारखं न मिळणारं सामान बिलात वेगळं दिसतं, ती कपात बरोबर असते. त्यावर भांडू नका.

ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांनी डिपॉझिट भरण्याआधी महात्मा फुले या सरकारी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (रुग्णांच्या मदतीला असलेला योजनेचा माणूस) गाठावं. या योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहेत, पांढरं रेशनकार्डही चालतं. हेल्पलाइन १५५३८८. स्वतः भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात राखीव असतात, उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला आधीच काढून ठेवा.

क्लेम कापला आणि पटलं नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबई, ठाणे किंवा पुणे. फी नाही, वकील लागत नाही, पण एका वर्षाच्या आत जावं लागतं. पेगफिलग्रॅस्टिमचे नाकारलेले दोन क्लेम तक्रार अधिकाऱ्याच्याच पातळीवर सुटले, तिसरा अजून अडकलेला आहे, कारण त्या वेळच्या डिस्चार्ज पेपरवर इंजेक्शनचा उल्लेख राहून गेला होता.