बूटेबल क्लोन की डिस्क इमेज, एक्स्टर्नल ड्राइव्हवर नेमकं काय ठेवायचं?

क्लोन म्हणजे तुमच्या डिस्कची जशीच्या तशी दुसरी डिस्क, बूटलोडर (मशीन सुरू, म्हणजे बूट, करणारा छोटा प्रोग्राम), पार्टिशन्स (डिस्कचे भाग) सगळं त्यात आलं. आतली डिस्क गेली की एक्स्टर्नल जोडायची, बूट मेनूतून ती निवडायची आणि काम सुरू. इमेज म्हणजे तीच सगळी डिस्क कॉम्प्रेस करून फाइलमध्ये ठेवलेली, तिच्यावरून मशीन थेट चालू होत नाही, आधी रेस्क्यू पेनड्राइव्हने बूट करायचं, मग नव्या डिस्कवर रिस्टोर, आणि त्यात वेळ जातोच.

मग क्लोनच घ्यावा ना? मलाही बरीच वर्षं तेच वाटायचं. पण क्लोनमध्ये प्रत एकच असते. आज चुकून एखादं फोल्डर उडवलं आणि रात्री क्लोन अपडेट झाला की ते दोन्हीकडून गेलं, व्हायरसचंही तेच. इमेज वेगवेगळ्या तारखांच्या ठेवता येतात, म्हणजे दोन आठवडे मागे जाऊन हवी ती फाइल काढता येते.

विंडोज असेल तर माझ्या मते प्रश्न इथेच मिटतो, इमेजच घ्या. विंडोजला यूएसबीवरून चालायला आवडतच नाही, विंडोज टू गो नावाची सोय होती तीसुद्धा 2020 च्या 2004 व्हर्जनमध्ये काढून टाकली, आणि साधा क्लोन यूएसबीवरून बूट करायला गेलात तर बऱ्याचदा निळी स्क्रीनच येते. क्लोनची डिस्क केसमधून काढून मशीनच्या आत बसवली तर मात्र चालू शकते, तो उपयोग आहे.

टूल्समध्ये मॅक्रियम रिफ्लेक्टच्या फ्री व्हर्जनचा सपोर्ट 1 जानेवारी 2024 ला संपला. क्लोनझिला फुकट आहे आणि भरवशाचं आहे, पण इन्क्रिमेंटल बॅकअप (फक्त बदललेलं तेवढंच साठवणं) नाही, दर वेळी मशीन बंद करून पेनड्राइव्हवरून चालवायचं, आणि रिस्टोर करायची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. त्याच्या टेक्स्ट स्क्रीनची भीती वाटत असेल तर रेस्क्यूझिला घ्या, ते माऊसने चालतं आणि क्लोनझिलाच्या इमेजही वाचतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, हे प्लीज विसरू नका.

मॅकचं वेगळंच आहे. इंटेल मॅकवर ऑप्शन की दाबून क्लोनवरून मस्त बूट व्हायचं, पण 2020 च्या बिग सर या मॅकओएस व्हर्जनपासून सिस्टम व्हॉल्यूम (मॅकओएस असलेला डिस्कचा भाग) सील झाला त्यामुळे क्लोन करणं किचकट झालं, आणि ॲपलच्या एम1 चिपपासून पुढच्या मॅकमध्ये आतलं स्टोरेजच मेलं तर एक्स्टर्नलवरूनही बूट होत नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी क्लोन ठेवायचा त्याच दिवशी तो कामाचा नाही. तिथे टाइम मशीन (मॅकमधलीच बॅकअपची सोय) लावा, मॅक दुरुस्त होऊन आला किंवा नवा घेतला की मायग्रेशन असिस्टंटने सगळं परत येतं.

लिनक्सवर क्लोन छान चालतो, फक्त दोन्ही डिस्कचे यूयूआयडी (सिस्टम डिस्क ओळखते तो क्रमांक) सारखेच असतात त्यामुळे दोन्ही जोडून बूट करू नका, भलतीच डिस्क माउंट होते, म्हणजे वापरात घेतली जाते.

काहीही निवडलंत तरी बॅकअप झाला की ड्राइव्ह काढून ठेवा, रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) जोडलेल्या ड्राइव्हलाही सोडत नाही. आणि आजच एकदा त्या पेनड्राइव्हवरून किंवा क्लोनवरून खरंच बूट करून बघा, इमेज असेल तर रेस्क्यू स्क्रीनमध्ये एक्स्टर्नल ड्राइव्ह दिसते का, इमेज व्हेरिफाय होते का, तेवढं तरी नक्की तपासा.