स्टिकर ‘इंडक्शन बेस’चं, पण लोहचुंबक चिकटेना

आमची चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही भाड्याच्या खोलीत आलो. गॅसजोडणीला वेळ होता, म्हणून इंडक्शन शेगडी घेतली. भांडी घ्यायला दादरला स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवरच्या पातेल्याच्या बुडाला लोहचुंबक लावून दाखवला. टक्कन चिकटला. “ताई, डोळे झाकून घ्या.” मग आतून टेप मारलेलं खोकं आणलं. कढई, पातेलं, फ्रायपॅन मिळून २६०० रुपये. बिल मागितलं तर “जीएसटी वर पडेल” म्हणत साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. तीही मी घेतली. इथेच चुकलं.

घरी पातेलं ठेवलं तर शेगडी टूं टूं वाजून बंद. कढईचंही तेच. पॅन तापला, पण थालीपीठ मधोमध करपलं आणि कडेला कच्चं राहिलं. सासूबाईंना सकाळी सहाला चहा लागतो. तो दुसऱ्या दिवशी शेजारणीने दिला.

फ्रिजवरचा चुंबक काढून लावून पाहिला. कढई निव्वळ ॲल्युमिनियमची, वर नुसतं स्टिकर. पातेल्यावर ‘३०४’ कोरलेलं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार. हे स्टील हलक्या दर्जाचं नाही, गंजतही नाही सहसा, पण चुंबकाला ते जवळपास दाद देत नाही. इंडक्शनवर उष्णता भांड्याच्या बुडातच तयार होते आणि त्यासाठी चुंबक धरणारं बूड लागतं. म्हणून ३०४ च्या भांड्याला खाली ४३० सारख्या, चुंबक धरणाऱ्या स्टीलचा थर देतात. आमच्या पातेल्याला तो नव्हताच. पॅनच्या बुडात चकती होती, जेमतेम वाटीच्या तोंडाएवढी.

परत गेले तर म्हणाला, “तुमची शेगडीच खराब.” त्याच शेगडीवर शेजारणीचं पातेलं व्यवस्थित चाललं होतं. त्याने भिंतीवरची ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दाखवली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा आला. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे, हे मला तेव्हा कळलं. काउंटरवर माहीत असतं तर मी हटलेच नसते.

खोकं तिथेच उघडायला लावा. जे भांडं घरी न्यायचं, त्याच्याच बुडाला, मध्ये आणि कडेलाही, स्वतःचा चुंबक लावून बघा. सध्या आमच्याकडे माळ्यावरून काढलेला सपाट बुडाचा बिडाचा तवा आणि शेजारणीचं पातेलं चालू आहे.