दोन मैत्रिणी, अठ्ठेचाळीसचं जळीत आणि सैल पडलेली बांधणी : काही महिन्यांनंतरचा अनुभव

ही कादंबरी मी गेल्या पावसाळ्यात मागवली. तेव्हापासून ती माझ्या कपाटात कमी आणि आमच्या भिशीतल्या बायकांच्या घरी जास्त राहिलीय. विश्रामबाग, खणभाग, मिरज, परत विश्रामबाग. मधल्या काळात मी ती पुन्हा वाचली. सासूबाईंना अर्धी वाचून दाखवली, उरलेली त्यांनी भिंग घेऊन स्वतःच संपवली. वाचून झालेल्या बायकांची भांडणंही ऐकून झाली. आता लिहायला हरकत नाही.

आधी कामाची गोष्ट. पहिलं पान उलटलं की दोन्ही घराण्यांची वंशावळ छापलेली आहे. ती बघू नका. कोण कुणाच्या घरात कशी गेली ते तिथे सरळ दिसतं आणि चारशे पानं जपलेलं गुपित तिथेच फुटतं. प्रकाशकाला हे कुणी सुचवलं कोण जाणे. मी आता पुस्तक कुणाला देताना ते पान पुढच्या पानाला स्टेपल करून देते.

गोष्ट कुंडल आणि किर्लोस्करवाडीची. १९३० च्या आसपास सुरू होते आणि १९४८ ला संपते. एक मुलगी कुंडलच्या शेतकरी घरातली, दुसरी कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाची. नावं लिहीत नाही, कारण एकीचं नाव लग्नात बदलतं आणि अर्धं रहस्य त्या बदललेल्या नावावरच उभं आहे.

औंध संस्थानच्या राजांनी, म्हणजे पंतप्रतिनिधींनी, दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभा केला, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. निवडुंग, साप आणि लोखंडी नांगर या तिन्ही गोष्टी कादंबरीतही येतात आणि लवकर संपतात, ते बरंच झालं. लेखिकेने खरा जीव ओतलाय तो १९३० पासून वाडीहून निघायला लागलेल्या ‘स्त्री’ मासिकात. कारकुनाची मुलगी अंक मोठ्याने वाचते, कुंडलची मुलगी सुपात जोंधळे निवडत ऐकते. तिला अक्षर येत नाही. वाचणारी मात्र मधलेमधले परिच्छेद गाळते. काही लाजेने, काही मैत्रिणीला वाईट वाटेल म्हणून. पुढे कुंडलची मुलगी त्याच अंकांवरून वाचायला शिकते आणि जुने अंक काढून बसते. तेव्हा तिला कळतं, आपल्यापासून काय काय लपवलं गेलं. ती भांडत नाही. पुढच्या भेटीत गाळलेला एक परिच्छेद पाठ म्हणून दाखवते, एवढंच. माझ्या मते पुस्तकातलं सर्वात मोठं गुपित हेच आहे. बाकीची घराण्याची गुपितं यापुढे फिकी पडतात.

प्रतिसरकारचा, म्हणजे भूमिगतांनी सातारा भागात इंग्रजांना समांतर चालवलेल्या सरकारचा भाग मला भीतभीतच वाचायचा होता. क्रांतिसिंह नाना पाटील, तुफान सेना, न्यायदान मंडळं, यावर आपल्याकडे भाषणं इतकी ऐकलीत की कादंबरीतही भाषणच मिळेल असं वाटलं होतं. तसं झालेलं नाही, कारण लेखिका बरीचशी स्वयंपाकघरात थांबते. भूमिगत पोरांना रात्री भाकरी हवी असते. आता भाकरी थापल्याचा आवाज रात्री किती लांब जातो हे ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. शेजारीण सकाळी सहज विचारते, “रातच्याला पावणं आलतं व्हय?” आणि त्या एका प्रश्नाने सगळ्या घराला घाम फुटतो. मग कारकुनाची मुलगी तोड काढते. भाकरी दुपारीच करायच्या, सगळ्यांसमोर, आणि गुऱ्हाळावरच्या माणसांसाठी म्हणून सांगायचं. बंदुकीपेक्षा या दोन पानांनी माझी छाती जास्त धडधडली.

गांधी विवाहाचा प्रसंगही नेमका उतरलाय. सुताचे हार, हुंडा नाही, जेवणावळी नाहीत. सासूबाईंचं माहेर वाळवा तालुक्यातलं, त्यांच्या आत्याचं लग्न असंच झालेलं. त्यांचा आक्षेप एकच : “लग्नाआधी आईनं रडून गोंधळ घातला असंल, ते कुठं लिवलंय?” रास्त आहे. कादंबरीतली आई फारच लवकर पटते.

आता तक्रारी. पहिली, नायिका नको तिथे हजर असते. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, तिथे ती आहे. ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची गाडी लुटली, त्या बेताचा निरोप तिच्याच हातून जातो. २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तर नेमकी त्याच दिवशी ती गणपतीच्या दर्शनाला सांगलीत! एकदा ठीक, दुसऱ्यांदा चालवून घेऊ, तिसऱ्यांदा हसू येतं.

दुसरी तक्रार हद्दींची. एके ठिकाणी १९४२ सालच्या प्रसंगात “सांगली जिल्हा” असं लिहिलंय. तेव्हा असा जिल्हाच नव्हता. सांगली पटवर्धनांचं संस्थान, कुंडल आणि वाडी औंध संस्थानात, तासगाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ चा आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. ही नुसती खुसपटं नाहीत. दिवसभरात पायी तीन राज्यं ओलांडता येत होती, एका हद्दीत गुन्हा आणि दुसऱ्या हद्दीत आसरा, म्हणून तर भूमिगतांचं निभावलं. लेखिकेला हे माहीत आहे, कारण दुसऱ्या एका प्रकरणात ओढा ओलांडून औंधच्या हद्दीत शिरण्याचा प्रसंग तिने झकास रंगवलाय. मग इथे संपादक झोपला होता म्हणायचा. तसंच १९३८ च्या प्रसंगातलं ते पंचवीस पैशांचं तिकीट. नवे पैसे १९५७ ला आले. तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, मग चार आणे म्हणा की सरळ!

प्रेमभंगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पुण्याहून आलेला, खादी घालणारा, कविता करणारा मुलगा येतो आणि जातो. तो का आवडला हे कळत नाही, त्यामुळे गेल्याचं दुःखही आपल्यापर्यंत पोचत नाही. पण तो गेल्यावर मैत्रीण काय करते ते वाचा. समजूत घालत नाही. दोन दिवस घरी येऊन राहते, पाणी भरते, धुणी धुते, आणि त्याचं नावसुद्धा काढत नाही. आमच्या भिशीत यावर एकमत झालं, आणि एकमत होणं ही आमच्याकडे बातमी असते.

शेवटचा भाग अठ्ठेचाळीसचा. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर आपल्या भागात ब्राह्मणांची घरं जळाली. कारकुनाचं घर जळतं. घरातली एक ट्रंक मात्र वाचते आणि ती कुंडलच्या घरात पोचते. कुणी नेली, वाचवायला नेली की लुटीत आली, हे दोन्ही घराण्यांत पिढ्यानपिढ्या वेगवेगळं सांगितलं जातं. उत्तर कादंबरीत आहे, मी सांगत नाही. लेखिकेने कुणाला देव केलं नाही आणि कुणाला राक्षसही केलं नाही, यासाठी तिला मानते. घर पेटवायला आलेल्यांत ओळखीचा आवाज असतो. तो कुणाचा हे त्या मुलीला कळलेलं असतं, ती आयुष्यभर बोलत नाही.

आमच्या भिशीत दोन्हीकडच्या घरांतल्या बायका आहेत. इतकी वर्षं एकत्र भेळ-भडंग खातोय, सहलींना जातोय, पण “जळीत” हा शब्द कधी निघाला नव्हता. पुस्तक फिरल्यावर निघाला. एकीने सांगितलं, आजीने पातेली परसात पुरून ठेवली होती आणि ती पुढे कुणी काढलीच नाहीत. दुसरी बराच वेळ चहाचा कप हातात धरून होती, मग म्हणाली, “आमच्या घरात एक पितळी घंगाळ आहे. कुठून आलं विचारलं की आजोबा उठून जायचे.” त्यावर कुणी काही बोललं नाही, पण उठूनही गेलं नाही. पुढच्या भिशीला त्या दोघी शेजारी बसल्या होत्या आणि कपबश्यांवरून नेहमीसारख्या भांडत होत्या.

बोलीबद्दल थोडं. कुंडलकडच्या माणसांची भाषा साधारण जमलीय, पण लेखिकेची पकड मधूनमधून सुटते. रागात माणसं एकदम पुण्याचं बोलायला लागतात. आपल्याकडे उलटं होतं, राग आला की शिकलेलं सगळं गळून पडतं.

पुस्तक वस्तू म्हणून कसं आहे? कागद चांगला, डोळ्यांना त्रास देत नाही. अक्षर मात्र बारीक, चाळिशी लागलेल्यांनी भर दुपारच्या उजेडातच वाचावं. बांधणी नुसती डिंकाची आहे. सांगलीच्या पावसाळी दमटपणात दोन महिन्यांत पाठ सैल पडली आणि मोर्चाच्या प्रकरणातली पानं सुटली. मुखपृष्ठावरची प्लॅस्टिकची पातळ पापुद्री कोपऱ्यापासून सोलत आली, आता आमच्यातली एक बाई बोलता बोलता ती सोलत बसते. दिवाळीनंतर मी प्रत बाइंडरकडे नेऊन दोऱ्याने शिवून, वर पुठ्ठा चढवून आणली. त्यानंतर तक्रार नाही.

तारे द्यायचेच तर मैत्रीला पाच, प्रेमाला दोन, इतिहासाला साडेतीन आणि बांधणीला एक. विकत घेताना पुठ्ठ्याच्या बांधणीची आवृत्ती मिळते का ते आधी विचारा, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. आणि सांगलीत राहत असाल तर माझी प्रत मागू नका. सध्या ती मिरजेला आहे आणि पुढे तिघींचा नंबर लागलाय.