शेवंता, मालती की जुई? लेकीसाठी जुनं फुलाचं नाव निवडताना

फुलाचं नाव ठेवायला घरात सहसा कुणाची हरकत नसते. वाद होतो तो फूल कुठलं यावर. आईबाबांना ‘बकुळ’ आवडलेलं असतं आणि आजीच नाक मुरडते, “आमच्या वेळची नावं कशाला परत उकरताय?” दुसऱ्या घरी आजोबांना आपल्या आईचं ‘शेवंता’ हवं असतं आणि सूनबाईंचा चेहरा पडतो.

नाव किती जुनं आहे यानं फारसं बिघडत नाही. ते ऐकल्यावर डोळ्यांसमोर कोण येतं, यानं बिघडतं. पणजीच्या पिढीतलं नाव आज आसपास कुणाचंच नसतं, त्यामुळे ते कोरं होऊन परत येतं. आईच्या वर्गात ज्या नावाच्या तिघी होत्या, ते नाव मात्र बाळाला ठेवलं की उगाच शिळं वाटतं. हा निकष हाताशी ठेवून काही नावं जोड्याजोड्यांनी पाहू.

प्राजक्ता की शेफाली

एकाच झाडाची ही दोन नावं. रात्री उमलून पहाटे अंगणात सडा घालणारं, केशरी देठाचं तेच फूल. पण प्राजक्ता हे आज बाळाच्या आईच्या पिढीचं नाव झालंय. अभिनेत्री प्राजक्ता माळीचा जन्म १९८९ चा. तुमच्या ऑफिसातली प्राजक्ताही बहुधा त्याच सुमाराची असेल. नाव सुरेखच आहे, पण आत्ता ठेवलं तर ते ना जुनं वाटतं ना नवं. शिवाय दोन जोडाक्षरं. मूल पहिली काही वर्षं स्वतःला ‘पाजत्ता’ म्हणणार, ते ऐकायला गोड, एवढंच.

शेफालीला मराठी घरात कधी गर्दी झाली नाही, आणि महाराष्ट्राबाहेर ते नीट ओळखलं जातं. बंगालीत हेच फूल शिउली, पश्चिम बंगालचं राज्यफूल. मुलगी पुढे कुठेही गेली तरी नाव सोबत येईल असं वाटत असेल तर शेफाली. पारिजात हा तिसरा पर्याय, पण तो मुलांनाही ठेवतात.

जाई की जुई

कानाला दोन्ही सारखीच हलकी. फरक पडतो तो कागदावर. ‘जाई’ रोमन लिपीत लिहिलं की वाचणारा त्याला सरळ ‘जय’ वाचतो, आणि रेल्वेच्या तिकिटापासून परीक्षेच्या हॉलतिकिटापर्यंत मुलीचा मुलगा होतो. लेखिका जाई निंबकरांचं नाव माहीत असलेल्यांना प्रश्न पडत नाही, बाकीच्यांना पडतो. जुईचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी होतं आणि हिंदीभाषक तिला ‘जुही’ करतात. पण मुलगीच राहते.

जुईच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. पूर्ण नाव आता चार शब्दांचं. ‘निशिगंधा ज्ञानेश्वरी पुरुषोत्तम’ आणि त्यापुढे आडनाव, हे कुठल्या फॉर्मच्या चौकटींत मावणार? जुई पुढे लावली की मागे काहीही लांबलचक येऊ दे, चालून जातं. ज्यांना धोका पत्करायचा नाही त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

(निशिगंधाबद्दल जाता जाता: नाव संस्कृत वाटतं, पण झाड मूळचं मेक्सिकोचं. ‘आपलं पुरातन नाव’ म्हणून ते ठेवणार असाल तर एवढं ठाऊक असू द्या.)

मालती की शेवंता

खरा तिढा या जोडीत आहे. दोन्ही जुनी. पणज्यांच्या पिढीत दोन्ही मुबलक. तरी आज ‘मालती’ ऐकलं की लोक “किती क्लासिक!” म्हणतात आणि ‘शेवंता’ ऐकलं की हसतात. का?

मालती संस्कृतातून आलेली. आठव्या शतकातल्या भवभूतीच्या नाटकाची नायिका मालतीच आहे. पांढरपेशा घरांत ते नाव शिकलेल्या बायकांचं म्हणून रुळलं. शेवंता शेतात, गिरणीत, बाजारात राबणाऱ्या बायकांचं नाव होतं. पुढे सिनेमा-नाटकांनी असली नावं मोलकरणीला नाही तर ठसकेबाज बाईला दिली. चंपा, चमेली, गुलाब यांचंही तेच झालं. फूल तेवढंच देखणं, पण कुणाच्या घरातलं यावर नावाची इभ्रत ठरली. एखादं नाव ‘व्हिंटेज’ आणि दुसरं ‘गावठी’ का वाटतं, याचं उत्तर फुलात शोधून सापडत नाही. त्यात अलीकडच्या एका गाजलेल्या मालिकेतल्या पात्रानं शेवंताला वेगळाच रंग चढवला. मुलगी शाळेत जाईपर्यंत तो थोडा उतरेल, पूर्ण उतरेल असं मी म्हणणार नाही.

तर मालती ठेवायला आज कसलीच अडचण दिसत नाही. ती शांत आहे, तीन अक्षरी आहे, लिहायला-वाचायला सरळ आहे आणि वर्गात दुसरी असण्याची शक्यता कमी. हाक मारायला ‘मालू’ आयतं मिळतं. माझं मत विचाराल तर या सगळ्या यादीत परत यायला सर्वांत तयार नाव हेच.

शेवंता ठेवायची तर कारण पक्कं हवं. पणजीचं नाव होतं, ती कोण होती, तिनं काय सोसलं, काय उभं केलं, हे मुलीला सांगता येणार असेल तर खुशाल ठेवा. कुणी हसलं तर तिच्याकडे उत्तर असेल. नुसतं ‘हटके’ म्हणून ठेवणार असाल तर नको. तुमच्या हौसेचं ओझं शाळेच्या व्हॅनमध्ये तिला वाहावं लागेल. मधला मार्ग ‘शेवंती’चा. त्यात फूल आधी दिसतं, पात्र नंतर.

कमल की मृणाल

कमळाच्या कुळात नावांचा तोटा नाही: कमल, कमला, नलिनी, सरोजिनी, पंकजा, पद्मा. मृणाल म्हणजे कमळाचा देठ, तेही याच घरातलं. मराठीत कमल ही आजी. पण हिंदी पट्ट्यात आणि दक्षिणेत कमल हा पुरुष असतो, कमल हासनसारखा. मृणालचं दुखणं तेच, फक्त दिशा वेगळी: आपल्याकडे मृणाल गोरे, बंगालमध्ये दिग्दर्शक मृणाल सेन. ही गल्लत नको असेल तर शेवटी स्पष्ट स्त्रीलिंगी स्वर असलेलं नाव बरं. नलिनी अजून आजीसारखी वाटते. कमला मला जास्त आवडतं. कमला सोहोनींनी १९३९ साली केंब्रिजमधून पीएच.डी. मिळवली, विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. नावामागे असं कुणी असलं की मुलीला सांगायला गोष्ट मिळते.

कुसुम, सुमन, पुष्पा यांचा अर्थ नुसताच ‘फूल’. या नावांच्या आज्या अजून अवतीभवती आहेत, त्यामुळे त्यांना आणखी एक पिढी थांबावं लागेल. कुसुमचा एक मान मात्र कुणी हिरावू शकत नाही: वि. वा. शिरवाडकरांनी धाकट्या बहिणीच्या नावावरून ‘कुसुमाग्रज’ हे नाव घेतलं.

बकुळ की केतकी

बकुळीचं फूल सुकलं तरी वास सोडत नाही. नावाच्या बाजूनं यापेक्षा चांगलं काय बोलणार? अडचण ‘ळ’ची. महाराष्ट्राची वेस ओलांडली की बकुळची ‘बकुल’ होते, आणि बकुल नावाचे पुरुषही असतात. घरातले सगळे मराठीच बोलणारे असतील आणि बाहेरच्यांना दुरुस्त करायचा कंटाळा नसेल, तर बकुळ. ‘बकुळा’ केलं तर ती मुलगी हे कळतं, पण एकदम साठ वर्षांनी म्हातारीही होते.

केतकी अशी अडत नाही. एखादे आजोबा म्हणतील की खोटी साक्ष दिल्याबद्दल शंकरानं केतकीला शाप दिला, म्हणून ती पूजेत वाहत नाहीत. कथा आहे खरी, पण तिनं आजवर कुठल्या केतकीचं बारसं अडलेलं नाही. त्याहून कडक आजोबा मनुस्मृती काढतील: नक्षत्र, वृक्ष, नदी यांच्या नावाच्या मुलीशी लग्न करू नये, असं तिसऱ्या अध्यायात म्हटलंय. त्यांना त्यांच्याच घरातल्या गंगा, गोदावरी आणि रोहिणी मोजायला सांगा.

अबोली आणि सायली राहिल्या. सायली प्राजक्ताच्याच बाकावरची. अबोली दिसायला मोहक, पण मुलगी बडबडी निघाली तर प्रत्येक पाहुणा तोच विनोद करणार.

आता आजोबांच्या शेवंताचं काय? इंग्रजी घरांत आवडतं जुनं नाव मधल्या नावात सरकवतात. आपल्याकडे ती जागा आईवडिलांनी भरलेली आहे. पण आपल्याकडे पाळण्यातलं नाव आणि हाक मारायचं नाव वेगळं असण्याची जुनी सोय आहे. कागदावर मालती आणि आजोबांच्या तोंडी शेवंता, असं झालं तर दोघांपैकी कुणाचंच काही जात नाही. आणि बारशाच्या तारखेला नाव पक्कं झालं नाही तरी चालतं. जन्माची नोंद नावाशिवाय करता येते. नाव नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा निवडलेली दोन नावं महिनाभर आलटून पालटून मोठ्यानं हाक मारून पाहा. रागावूनसुद्धा.