भाड्याच्या घरातील ओल आणि डिह्युमिडिफायर : चार महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. झोपण्याच्या खोलीची एक भिंत पश्चिमेला, म्हणजे पावसाच्या थेट माऱ्यात आहे आणि दुसरी शेजारच्या घराला लागून आहे. गेल्या पावसाळ्यात दोन्ही भिंती काळवंडल्या, कपाटातील रेशमी साड्यांना आणि चामडी पाकिटांना बुरशी लागली. म्हणून यंदा जूनच्या आरंभी डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील ओलावा खेचून टाकीत पाणी म्हणून जमा करणारे यंत्र, दिवसाला 12 लिटर क्षमतेचा घेतला आणि सप्टेंबर संपेपर्यंत तो रोज रात्री चालवला.

खरेदीपूर्वी एक साधी चाचणी केली, ती प्रत्येक भाडेकरूने करावी असे मला मनापासून वाटते. दोन्ही भिंतींवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवला. पश्चिमेकडील भिंतीवर पाणी प्लॅस्टिकच्या आत साचले, म्हणजे ओल भिंतीतून येत होती. सामाईक भिंतीवर मात्र थेंब बाहेरच्या बाजूस होते, म्हणजे खोलीतील हवेचीच वाफ तेथे धरत होती. शेजारी रात्रभर एसी चालतो, त्यामुळे ती भिंत गार राहते. खोलीत 28 अंश तापमान आणि 88 टक्के आर्द्रता असताना दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते तो, सुमारे 26 अंशांवर असतो, आणि त्याहून थोडी जरी गार असली तरी भिंतीला पाझर सुटल्यासारखे थेंब फुटतात.

या दुसऱ्या ओलीवर यंत्राचा गुण निःसंशय आला. आर्द्रता 60 टक्क्यांवर आली की दवबिंदू 20 अंशांच्या आसपास उतरतो, आणि ती भिंत पूर्ण पावसाळा कोरडी राहिली. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले, त्याचाही वाटा आहे. जुलैमध्ये सकाळी टाकीत तीन-साडेतीन लिटर पाणी मिळे. आमच्या खोलीतल्या सगळ्या हवेत मिळून जेमतेम पाऊण लिटर पाणी मावते. उरलेले गादी, कपडे, भिंती आणि फटींतून येणारी बाहेरची हवा यांचे होते. म्हणूनच यंत्र तासभर चालवून उपयोग होत नाही, आणि खिडकी उघडी ठेवून तर मुळीच नाही. ओले कपडेही आता त्याच खोलीत, दार लावून वाळवतो.

पश्चिमेकडील भिंतीचे रंगाचे पोपडे मात्र गळतच राहिले. बाहेरच्या गिलाव्याला गेलेले तडे बुजवणे हे घरमालकाचे आणि सोसायटीचे काम आहे, आणि कोणतेही यंत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. पोपड्यांची तारखेसह छायाचित्रे घरमालकांना पाठवून ठेवली आहेत, कारण अकरा महिन्यांचा करार संपताना या भिंतीचा खर्च अनामत रकमेतून कापला जाऊ नये.

उणिवाही सांगायला हव्यात. यंत्र खोली एक-दोन अंशांनी तापवते, कॉम्प्रेसरची घरघर पहिले काही दिवस झोपमोड करते, आणि रात्रीच्या नऊ तासांना सुमारे दोन युनिट, म्हणजे महिन्याला साठेक युनिट वीज लागते. जाळी पंधरा दिवसांनी धुतली नाही तर पाणी कमी निघू लागते. कपाटात ठेवायचे, ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे डबे आधी वापरले होते. बंद कपाटापुरते ते चांगले आहेत, खोलीला पुरत नाहीत. यंदा गौरीसाठी साड्या काढल्या तेव्हा एकीवरही डाग नव्हता.