परक्या धर्मांचे ग्रंथ गटाने वाचताना: नऊ महिन्यांनंतर

दर पंधरा दिवसांनी दोन तास, असे गेले नऊ महिने आम्ही सात जण एकत्र वाचतोय. गटात वेगवेगळ्या धर्मांची माणसं आहेत, त्यामुळे प्रत्येक ग्रंथ एखाद-दुसऱ्याचा घरचा आणि बाकीच्यांना परका असतो. तीन ग्रंथ झाले, चौथा सुरू होतोय. असा गट काढावा का, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात कुराणाने केली आणि कादंबरी उघडावी तसं पहिल्या पानापासून वाचत सुटलो. तिथेच चुकलं. सात आयतींची (वचनांची) पहिली सूरा, म्हणजे अध्याय, संपते आणि लगेच समोर येते 286 आयतींची अल-बकरा. मूसाची कथा, उपवास, घटस्फोट, कर्जाचे नियम, सगळं एकापाठोपाठ एक. तिसऱ्या बैठकीला चारच जण उरले. कुराणातल्या 114 सूरा ढोबळमानाने मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेल्या आहेत, अवतरल्या त्या क्रमाने नाहीत, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. गटातल्या मुस्लिम ताई म्हणाल्या, "शेवटाकडून या." त्या छोट्या सूरा आधी त्यांनी अरबीतून म्हणायच्या, मग आम्ही भाषांतर वाचायचं. अर्थ लागायच्या आधी यमक कानात बसायला लागलं आणि गळालेले तिघेही परत आले.

सगळ्यात रंगल्या त्या योसेफाच्या बैठका. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातले 37 ते 50 हे अध्याय आणि कुराणातली 111 आयतींची 12वी सूरा शेजारी ठेवून वाचली. योसेफ कुराणात यूसुफ होतो, त्याचा बाप याकूब. आधी 'सारखं काय, वेगळं काय' असे दोन रकाने आखले. त्यातून काही हाती लागेना. मग एकाने नुसत्या कपड्याचा माग काढला. उत्पत्तीत भाऊ योसेफाचा पायघोळ झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवतात आणि तो ओळखून बाप फसतो. पुढे मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) तो गुलाम असताना धन्याची बायको त्याच्यावर खोटा आळ घेते, तेव्हा तिच्या हाती राहिलेलं वस्त्रही त्याच्यावरच उलटतं. कुराणात सदरा तीनदा येतो. खोटं रक्त लावलेला सदरा पाहून याकूब फसत नाही. ही गोष्ट तुम्ही मनाने रचलीत म्हणतो आणि धीर धरतो. नंतर सदरा मागून फाटलेला दिसतो म्हणून यूसुफ निर्दोष ठरतो. शेवटी त्याचा सदरा बापाच्या चेहऱ्यावर टाकला की गेलेली दृष्टी परत येते. एका ग्रंथात कपडा फसवतो, दुसऱ्यात खरं ते उघड करतो! पण भावांपुढे योसेफाला रडू फुटतं आणि ते बाहेर मिसरी लोकांना ऐकू जातं, ती जागा उत्पत्तीचीच. त्या दिवशी दोन तासांचे साडेतीन कधी झाले कळलं नाही.

आता एक वाईट अनुभव. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 137वं स्तोत्र वाचताना मी शेवटच्या ओळीवर अडले. शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला तिथे धन्य म्हटलं आहे. गटातल्या ख्रिस्ती मित्राला मी सरळ विचारलं, "हे तुम्हाला चालतं कसं?" तो गप्प झाला, पुढच्या बैठकीला आला नाही. मी फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "ती ओळ मलाही टोचते. पण तू मला सगळ्या ख्रिस्ती लोकांच्या वतीने उभं केलंस." तो आल्यावर ते स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नद्यांकाठी बसून रडणारे बंदिवान ज्यू, झाडांना टांगलेल्या वीणा, आणि पकडून नेणारेच म्हणतात, गाणं म्हणा. शेवटची ओळ तितकीच भयंकर राहिली, पण ती कोणाच्या तोंडची आहे ते तेव्हा दिसलं.

तेव्हापासून पहिला तास फक्त समोरच्या पानावर बोलायचं. 'तुमच्यात असं का?' बंद, आणि 'आमच्यातही हेच सांगितलंय' हेसुद्धा बंद. हे दुसरं वाक्य प्रेमळ वाटतं, पण त्यानंतर वाचन थांबतं, असं मी अनेकदा पाहिलंय. दोन भाषांतरं मात्र जवळ हवीतच. याकूबचा 'सब्र' हा अरबी शब्द एकात सहनशीलता होता, दुसऱ्यात धीर, आणि त्यावरच अर्धा तास गेला.

बौद्धांचं धम्मपद तीन बैठकांत उरकलं, याची रुखरुख आहे. 423 गाथा वाचायला सोप्या, म्हणून भराभर पुढे गेलो. प्रत्येक गाथेमागे अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या टीकेत, प्रसंग दिलेला आहे. तो वाचल्याशिवाय पुढची गाथा घ्यायची नाही, असं ठरवायला हवं होतं. पुन्हा घेणार आहोत.

गट काढणार असाल तर सात-आठच्या वर माणसं नकोत, आणि ज्याचा ग्रंथ घरचा आहे असं निदान एक माणूस हवंच.

आता शिखांचा गुरू ग्रंथ साहिब. 1430 पानं सलग वाचायचा हट्ट नाही. त्यात संत नामदेवांची 61 पदं आहेत, तिथून शिरणार आहोत. गटातल्या शीख काकांनी आधीच सांगितलंय की संपूर्ण ग्रंथ मांडायचा तर मर्यादा पाळाव्या लागतात, म्हणून आपण निवडक पदांचं पुस्तक घेऊ. पहिलं पद ते रागात म्हणून दाखवणार आहेत.