ऑर्डर देऊन बनवलेली अ‍ॅक्रिलिकची फिशटँक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लांबी 1200 मिमी, रुंदी आणि उंची 600 मिमी. कास्ट अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे साच्यात ओतून बनवलेली, 12 मिमी शीट. वरच्या काठाला आतून चारी बाजूंनी 100 मिमीची पट्टी, मागच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लोचा कप्पा, तळाला टँक निपलसाठी (पाईप जोडायच्या आट्यांच्या तोटीसाठी) दोन भोकं. कोल्हापुरातच बनवून घेतलेली ही टाकी ऐन आषाढात तयार झाली, गणपतीच्या आधी भरली, आणि आता वैशाखात तिला आठ महिने झाले. मासे ठणठणीत आहेत, पाणी आहे तिथेच आहे. पण टाकी आली तेव्हाच तिच्यात चार दोष होते, पाचवा पाणी भरल्यावर दिसला. त्यातले दोन दुरुस्त करावे लागले, तीन नुसते लक्ष ठेवून चालले आहेत. कुठला दोष खपवून घ्यायचा आणि कुठला नाही, हे ठरवताना सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मोजपट्टीचा. म्हणून आकड्यांसकट लिहितो.

आधी सांध्यांबद्दल, कारण अ‍ॅक्रिलिकच्या टाकीचा जीव तिथेच असतो. काचेच्या टाकीत दोन काचांच्या मध्ये सिलिकॉन असतं. अ‍ॅक्रिलिकचा सांधा तसा चिकटवलेला नसतो. सॉल्व्हंटने दोन्ही कडा विरघळवून एकजीव केलेला असतो. चांगल्या कामात दोन शीटच्या मध्ये पाव मिमीच्या तारा ठेवून बारीक फट राखतात, सिरिंजने डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट सोडतात, कडा मऊ व्हायला अर्धा-एक मिनिट देतात आणि मग तारा ओढून घेतात. वरच्या शीटच्या वजनाने सांधा बसतो. आपल्याकडे नावाच्या पाट्या, देव्हारे, ट्रॉफ्या बनवणारे बरेच कारागीर हेच काम क्लोरोफॉर्मने करतात. ट्रॉफीला ते चालतं. पाणी भरलेल्या टाकीच्या समोरच्या शीटवर मात्र 550 मिमी पाण्याला सुमारे 180 किलोचा दाब बाहेर ढकलत असतो, आणि तोही अहोरात्र.

पांढरा पडलेला सांधा

मागच्या डाव्या उभ्या सांध्यात वरून 6 सेंमीवर सुरू होणारा 11 सेंमी लांबीचा दुधट पट्टा पहिल्या दिवसापासून आहे. कारण सरळ आहे. डायक्लोरोमिथेन 40 अंशांलाच उकळतं, त्यामुळे लावल्या लावल्या उडू लागतं आणि उडताना कडा थंड करतं. आषाढातल्या कोल्हापुरात हवा इतकी ओली असते की त्या थंड कडेवर लगेच दव धरतं आणि ते सांध्यातच अडकून पांढरं दिसतं. असा सांधा स्वच्छ सांध्यापेक्षा कमजोर असतो.

तरीही तो तसाच ठेवला, कारण पट्ट्याचं खालचं टोक पाण्याच्या पातळीखाली जेमतेम 12 सेंमीवर आहे आणि दाब खोलीबरोबर वाढतो. हाच पट्टा तळाशी असता तर टाकी परत केली असती. बाहेरून मास्किंग टेप लावून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण केली आणि तारीख टाकली. मार्कर पेन अ‍ॅक्रिलिकवर थेट वापरू नका, शाईतल्या सॉल्व्हंटचा भरवसा नाही.

टाकी बनवायला टाकायची असेल तर एक तर दिवाळीनंतर टाका, नाहीतर कारागिराकडे एसीची बंद खोली आहे का ते आधी बघा. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये केलेला सॉल्व्हंटचा सांधा घेऊच नका.

बुडबुडे

समोरच्या खालच्या सांध्यात टॉर्च आडवा धरला की बुडबुड्यांची रांग दिसते. खसखशीएवढे, एकमेकांपासून सुटे बुडबुडे सगळ्याच टाक्यांत थोडेफार असतात. त्यांनी काही होत नाही. मोहरीएवढे झाले, एकमेकांना टेकले, आणि विशेषतः त्यांची रांग आतून बाहेर अशी आडवी जायला लागली की ती पाण्याची वाट आहे असंच समजा. या टाकीत उजव्या कोपऱ्यापासून 9 सेंमीवर असा एक घोळका होता. सांधा 12 मिमी रुंद, त्यातले 7 मिमी बुडबुड्यांनी खाल्लेले, उरला 5 मिमी.

तिसऱ्या महिन्यात तिथूनच झिरपलं. थेंब पडत नव्हता, सांध्याखाली ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्टीला दिवसातून एकदा नाण्याएवढा ओलावा यायचा. तो सांध्यातूनच येतोय का वरून ओघळतोय, हे कळायला बाहेरची बाजू कोरडी पुसून टाल्कम पावडर फासली. दोन तासांत पावडरीवर ओली रेघ उमटली आणि तिचं उगमस्थान बरोबर घोळक्यावर निघालं. पावसाळ्यात काचेच्या टाकीवर बाहेरून दव धरतं तसं हे असेल, असा समज करून घेऊ नका. अ‍ॅक्रिलिकमधून उष्णता काचेच्या साधारण पाचव्या हिश्श्यानेच जाते, त्यामुळे त्यावर दव क्वचित धरतं.

बनवणाऱ्याचा सल्ला होता: आतून सिलिकॉनची रेघ मारा. हे ऐकू नका. सिलिकॉन काचेला धरतं तसं अ‍ॅक्रिलिकला धरत नाही. काही महिन्यांत नखाने सालासारखं सोलून निघतं. वर त्याचा थर राहिला की पुढे तिथे सॉल्व्हंटही नीट बसत नाही.

खरी दुरुस्ती अशी. मासे दुसरीकडे हलवून टाकी पूर्ण रिकामी केली. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर तीन दिवस वाळवली. हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही टाळलं: अ‍ॅक्रिलिक पाणी शोषून किंचित फुगतं, आणि पृष्ठभाग एकदम वाळला तर वरचा थर आक्रसून बारीक तडे जातात. मग 12 मिमी चौकोनी अ‍ॅक्रिलिक रॉडचा 300 मिमीचा तुकडा घेतला, खराब जागेच्या दोन्ही बाजूंना भरपूर चांगला सांधा झाकला जाईल इतका. रॉडची जी कड कोनात बसणार ती 2 मिमी तासून काढली, नाहीतर जुन्या सांध्यातून बाहेर आलेल्या ओघळावर रॉड टेकतो आणि दोन्ही बाजूंनी फट राहते. कोनातलं शेवाळ काढून 320 नंबरच्या पेपरने हलकेच घासलं, साबणाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वाळवलं.

इथे पातळ सॉल्व्हंट वापरलं नाही. जुन्या, पाणी प्यालेल्या शीटवर फट कुठेतरी राहतेच आणि पातळ सॉल्व्हंट फट भरत नाही. दोन भागांचं, फट भरणारं अ‍ॅक्रिलिक सिमेंट घेतलं. त्यात मिथाइल मेथाक्रिलेट असतं आणि घट्ट झाल्यावर ते अ‍ॅक्रिलिकच होतं. मिसळताना बुडबुडे धरले तर दोन-तीन मिनिटं तसंच ठेवायचं, ते वर येऊन फुटतात. रॉड बसवून बाजूंना मास्किंग टेपने दाबला, वर अर्ध्या किलोची वजनं ठेवली. 24 तासांनी वजनं काढली, पाणी भरलं सात दिवसांनी, तेही दोनदा भरून ओतून दिल्यावर. त्यानंतर वर्तमानपत्राची पट्टी पाच महिने कोरडी आहे.

हे काम खिडक्या उघड्या ठेवून करा आणि जवळ गॅस, शेगडी, उदबत्ती काही पेटतं नको. डायक्लोरोमिथेन आणि क्लोरोफॉर्मची वाफ ज्वाळेशी आली की अतिविषारी वायू तयार होतो. साध्या नायट्राइल हातमोज्यांतून डायक्लोरोमिथेन काही मिनिटांत आत येतं, तेव्हा मोजे घातलेत म्हणून हात त्यात बुडवू नका.

वरच्या पट्टीचा कोपरा

वरची पट्टी ही झाकण ठेवायची सोय नव्हे. ती नसली तर टाकीचं पोट फुगतं, कारण अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा वीस-बावीस पट लवचिक आहे. ही पट्टी एका अखंड शीटमधून मध्ये चौकोन कापून केली होती ते उत्तम. चार तुकडे जोडून केलेली नको. पण आतले कोपरे गुण्यात, अगदी काटकोनात कापले होते आणि तेही लेझरने. ताण नेमका अशा टोकदार कोपऱ्यात गोळा होतो. दुसऱ्या महिन्यात मागच्या उजव्या कोपऱ्यात 8 मिमीची केसासारखी चीर दिसली, तिरकी, बाहेरच्या दिशेने चाललेली.

पाणी निम्मं उतरवलं, चिरेच्या टोकाला 3 मिमीचं आरपार भोक पाडलं. भोकामुळे टोक गोल होतं आणि चीर पुढे सरकत नाही. ड्रिलचं पातं धातूला भोक पाडायचं असेल तर त्याची धार थोडी बोथट करून घ्या, नाहीतर अ‍ॅक्रिलिकमध्ये ते एकदम शिरून तुकडा उडवतं. आणि चिरेचं खरं टोक भिंगातून शोधा, नुसत्या डोळ्यांनी दिसतं त्याच्या 1-2 मिमी पुढे ते असतं. मग चारही कोपरे गोल कानसने 20 मिमी त्रिज्येपर्यंत आणले आणि चिरेवर 75 मिमीचा 12 मिमी जाड तुकडा त्याच सिमेंटने बसवला. भोक अजून दिसतं, चीर त्यापुढे गेलेली नाही.

पोट

समोरच्या शीटला या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरा ताणून दोन्ही टोकांना सारख्याच जाडीचे ठोकळे लावायचे आणि मध्ये दोरा-शीटचं अंतर मोजायचं. ठोकळ्यातून ते वजा केलं की बाक कळतो. पहिल्यांदा भरल्यावर 4 मिमी, महिन्याने 5, तिसऱ्या महिन्यात 6, आणि आठव्यातही 6. अ‍ॅक्रिलिक सतत दाबाखाली हळूहळू ताणतं. वाढ थांबली हे महत्त्वाचं. तिसऱ्या महिन्यानंतरही दर महिन्याला अर्धा मिमी वाढत असती तर पाणी 10 सेंमी उतरवून मधे आडवी पट्टी टाकली असती. बाकाचा हिशोब जाडीच्या घनावर चालतो, म्हणून 12 ऐवजी 15 मिमी शीट घेतली की तोच बाक जवळजवळ निम्मा होतो. पुन्हा करायची झाली तर या मापाला 15 मिमीच.

इथेच स्टँडचंही सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, स्टँड झकास बनतात, पण वेल्डिंगने फ्रेम ओढली जाते आणि डोळ्यांना ते दिसत नाही. सहा फुटी सरळ पट्टी उभी-आडवी-तिरकी फिरवा; खाली 1 मिमीपेक्षा जास्त उजेड दिसला तर परत पाठवा. त्यावर 18 मिमी वॉटरप्रूफ प्लाय पूर्ण पृष्ठभागभर हवा. लेव्हल काढताना पत्र्याचे तुकडे स्टँड आणि फरशीच्या मध्ये घाला, टाकी आणि प्लायच्या मध्ये कधीच नाही.

बारीक चंदेरी तडे

मागच्या वरच्या कडेला सुमारे 15 सेंमी लांबीत उजेडात चमकणारे, केसाहून बारीक तडे आहेत. कड गॅसच्या ज्योतीने चकचकीत केली होती आणि मग त्याच कडेला सॉल्व्हंट लागलं. ज्योतीने पृष्ठभागात ताण अडकतो, सॉल्व्हंट तो मोकळा करतं. लेझरने कापलेल्या कडेचंही तेच. सांध्यात जाणारी कड राऊटरने (वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या यंत्राने) कापून, फक्त घासून घेतलेली हवी. ज्योतीने पॉलिश केलेली सांध्यात नको. नाहीतर जोडण्याआधी शीट 80 अंशांवर काही तास भाजून हळूहळू थंड करावी लागते, आणि ती सोय फार थोड्या ठिकाणी असते.

वापरणाऱ्याच्या हातूनही हेच तडे येतात: स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर, काच पुसायचा अमोनियाचा स्प्रे. बाहेरून साधं पाणी आणि मऊ सुती कापड, बस. निपलच्या पाईपला पीव्हीसी सोल्युशन लावायचं ते टाकीपासून दूर, वाळल्यावर आणून जोडायचं. निपल हाताने घट्ट, त्यापुढे पाव फेरा. पान्याने आवळलात की भोकाच्या कडेला चीर गेलीच.

ओरखडे पडतातच. चुंबकाच्या ब्रशमध्ये वाळूचा एक कण अडकला की पाच सेकंदांत एक फुटाची रेघ. नखाला न लागणारे ओरखडे सोडून द्या. लागणारे वॉटर पेपरने ओलं ठेवून 800, 1000, 1500, 2000 अशा क्रमाने, प्रत्येक वेळी दिशा बदलून, आणि शेवटी प्लास्टिक पॉलिश.

ऑर्डर देताना कागदावर हे लिहून घ्या: शीट कास्टच, सांध्याच्या कडा राऊटरच्या, वरची पट्टी अखंड, आतले कोपरे किमान 25 मिमी त्रिज्येचे, तळापासून 10 सेंमीपर्यंतच्या सांध्यात पांढरेपणा किंवा आडवी बुडबुड्यांची रांग नको, आणि शेवटचे 30 टक्के पैसे पाण्याच्या चाचणीनंतर. शीट आली की व्हर्नियर लावून चार-पाच ठिकाणी जाडी मोजा. कास्टमध्ये 12 मिमीच्या शीटची जाडी जागोजागी मिमीभराने कमी-जास्त भरते, त्यात काही गैर नाही. सगळीकडे अगदी एकसारखी भरली तर ती एक्स्ट्रूडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली, असण्याची शक्यता जास्त, आणि कापताना भुसा कोरडा न पडता चिकट धागे सुटले तर खात्रीच. चाचणी कारागिराकडेच, सपाट पाटावर: 15 सेंमी भरून 12 तास थांबा, असं चार टप्प्यांत वरपर्यंत, आणि पूर्ण भरल्यावर 72 तास. सांध्याखाली सगळीकडून वर्तमानपत्र.

आमच्या टाकीच्या मागच्या सांध्यावरची टेप अजून तिथेच आहे. दर महिन्याच्या 1 तारखेला टॉर्च धरून बघतो, पांढरा पट्टा पेन्सिलच्या दोन खुणांच्या आतच, 11 सेंमी.